फुटण्याचा हिशेब

मराठी घरातली चिनी मातीची ओळख दोन वस्तूंपासून सुरू होते. एक लोणच्याची बरणी आणि दुसरी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली कपबशी. बरणी जाडजूड, खाली पांढरी आणि वर तपकिरी, तोंडाला दादरा बांधलेली, फडताळाच्या अंधारात वर्षभर निमूट बसणारी. कपबशी नाजूक, कडेला सोनेरी रेघ असलेली. पाहुणे गेले की गृहिणीने ती दुसऱ्या कुणाच्या हाती न देता स्वतः विसळून जागेवर ठेवायची. या दोन्ही वस्तूंविषयी घरातल्या मुलांना एकच ताकीद असे: हात लावू नकोस, फुटेल. पितळेचे भांडे पडले तर पोचा येतो, तांबटाकडे नेले की काम भागते. चिनी माती पडली की संपली. तिला डाग देता येत नाही आणि मोडीतही तिची किंमत येत नाही.

आजचा विषय ही फुटण्याची भीतीच आहे; निमित्त मात्र जरा अनोखे आहे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत बेल्जियम, नेदरलँड्स, इंग्लंड, अमेरिका या देशांतल्या काही कुंभारांनी आणि रचनाकारांनी चिनी माती यंत्रमानवाच्या हाती दिली आहे. संगणकाच्या आज्ञेनुसार हलणारा एक हात मातीची फुलदाणी घडवतो. त्या जोडीला मातीत काय मिसळावे, याचेही सोवळे सुटले आहे. ज्वालामुखीची राख-लाव्हा, कारखान्यांतला टाकाऊ गाळ, जनावरांची हाडे, सगळे भट्टीत घालून पाहिले जात आहे.

असे काही ऐकले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली हळहळीची: ‘म्हणजे आता कुंभारही गेला!’ दुसरी कौतुकाची: ‘काय एकेक शोध लावतात हो!’ हळहळणारा आणि हरखणारा, दोघेही यंत्राकडेच बघत असतात. माझी विनंती अशी की वाचकांनी घटकाभर यंत्रावरची नजर काढून त्या कार्यशाळेच्या कोपऱ्यातल्या फुटक्या तुकड्यांच्या टोपलीकडे पाहावे. एखादी कला नवे रूप केव्हा घेते, हे त्या टोपलीवरून कळते. किती फुटू द्यायचे आणि फुटल्याचा खर्च कुणी सोसायचा, हे तिथले दोन खरे प्रश्न. मी आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे बँकेत काढली, त्यामुळे कदाचित माझे लक्ष आधी खर्चाच्या रकान्याकडे जाते. पण चिनी मातीचा सगळा इतिहासच त्या रकान्यात लिहिलेला आहे.

मानी माती

आधी ही माती काय आहे ते पाहू. शास्त्र काटेकोरपणे लावले तर आपली बरणी अस्सल पोर्सेलीन नव्हे. ती स्टोनवेअर म्हणजे दगडी भांड्यांच्या जातीची. अस्सल पोर्सेलीनसाठी लागते केओलिन नावाची पांढरी शुभ्र माती. चीनच्या जिआंगशी प्रांतात जिंगदेझेन हे चिनी मातीचे माहेरघर आहे. त्याच्याजवळच्या गाओलिंग या टेकडीवरून तिला हे नाव पडले. तिच्यात फेल्डस्पार आणि गारेची पूड मिसळायची आणि सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सियसला भाजायची. एवढ्या उष्णतेत फेल्डस्पार वितळतो, त्याची काच होते आणि ती मातीच्या कणांमधल्या फटी बुजवून टाकते. म्हणून हे भांडे उजेडासमोर धरले तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते आणि टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येतो. आपला माठ त्यामानाने पुष्कळच कमी उष्णतेवर भाजलेला असतो. त्याला बारीक छिद्रे राहतात. तो पाझरतो, म्हणून पाणी गार होते.

पण माठाची माती समजूतदार आणि केओलिन मानी. तिच्यात चिवटपणा कमी, त्यामुळे चाकावर ती पटकन बसते, फाटते. वाळताना आणि भाजताना मिळून ती साधारण सातव्या हिश्श्याइतकी आक्रसते. ऐन भट्टीत मऊ पडून स्वतःच्याच वजनाने वाकते. सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे तिला स्मरणशक्ती असते. मातीची सपाट पट्टी एकदा वाकवून पुन्हा सरळ केली, तरी भट्टीतून बाहेर येताना ती पुन्हा थोडी वाकलेली निघते. चाकावर घडलेल्या किटलीचा तोटा भट्टीत किंचित पीळ घेतो, म्हणून जाणता कुंभार तो आधीच जरा तिरपा बसवतो. झालेला अपमान ही माती विसरत नाही.

अशा मातीवर प्रयोग करायचे म्हणजे फुटीची तयारी ठेवावी लागते. ती कुणी ठेवली?

कैदेतला किमयागार

सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातले राजे चिनी भांड्यांसाठी वेडे झाले होते. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने तर १७१७ साली प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार सैनिक देऊन बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. माणसे देऊन मडकी घेतली, असा हा व्यवहार. याच ऑगस्टसच्या ताब्यात योहान फ्रीडरिश ब्योटगर नावाचा एक तरुण होता. आपल्याला सोने करता येते, अशी फुशारकी त्याने मारली होती, म्हणून राजाने त्याला नजरकैदेत ठेवले. सोने काही झाले नाही. चिर्नहाउस या विद्वानाच्या देखरेखीखाली त्याला चिनी मातीच्या मागे लावण्यात आले. असंख्य मिश्रणे भट्टीत घालून झाल्यावर १७०८च्या सुमारास कठीण, पांढरे पोर्सेलीन त्यांच्या हाती आले. १७१० साली माइसेन येथे युरोपातला पहिला कारखाना उभा राहिला, तोही एका गढीत, म्हणजे गुपित बाहेर जायला नको. ब्योटगर १७१९ साली वयाच्या सदतिसाव्या वर्षी गेला.

इथे फुटीचा खर्च राजाने सोसला, हे खरे. पण त्याची वसुली करणाऱ्याच्या स्वातंत्र्यातून केली. शिवाय इतक्या बंदोबस्तात ठेवलेले गुपित टिकले किती? दहा वर्षेसुद्धा नाही. माइसेनची माणसे फुटली आणि १७१८ साली व्हिएन्नात दुसरा कारखाना निघाला. तिकडे चीनमध्ये दांत्रकोल नावाचे एक फ्रेंच धर्मोपदेशक जिंगदेझेनमधली कृती १७१२ साली पत्रात सविस्तर लिहून मायदेशी धाडत होते. भांडी फुटतात तशी गुपितेही फुटतात.

या काळाकडे पाहिले म्हणजे ‘अनोखी द्रव्ये’ ही काही आजची टूम नाही, हेही लक्षात येते. ब्योटगरने आपल्या मिश्रणात अॅलाबास्टर हा जिप्समच्या जातीचा दगड घातला होता. इंग्लंडमध्ये थॉमस फ्रायने १७४८ साली हाडांची राख घालून भांडी करण्याचे पेटंट घेतले आणि पुढे त्याच शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोडने निम्मी हाडांची राख, पाव केओलिन आणि पाव कॉर्नवॉलचा दगड हे प्रमाण रूढ केले. हेच ते बोन चायना. आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याच्या कितीतरी घरांत हे कप मानाने आले, कारण नावाचा अर्थ कुणी विचारला नाही. ज्यांनी विचारला, त्यांनी ते उंबऱ्याबाहेर ठेवले. जयपूरच्या निळ्या भांड्यांत तर नेहमीची कुंभारमातीच नसते. गारेची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांवर ते काम चालते. विसाव्या शतकात कृपालसिंह शेखावत यांनी त्या विझत चाललेल्या कलेला पुन्हा धुगधुगी दिली. म्हणजे आज जिला आपण परंपरा म्हणतो ती तिच्या काळात कुणाची तरी धिटाईच होती.

संगणकाचा सोऱ्या

आता यंत्रमानवाकडे वळू. नाव भारदस्त असले, तरी त्याचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात दर दिवाळीला वापरले जाते. चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. नळकांड्यात मऊ माती भरलेली, वरून हवेचा किंवा दट्ट्याचा दाब, खाली काही मिलिमीटरचे तोंड. त्यातून मातीची सलग वाती बाहेर पडते आणि यंत्राचा हात ती वेढ्यावर वेढा अशी रचत जातो. चकली आडवी वाढते, हे भांडे उभे वाढते, इतकाच फरक. भांड्याचा आकार आधी संगणकावर काढायचा, त्याचे पातळ थर पाडायचे आणि प्रत्येक थरात हात कुठून कुठे न्यायचा हे यंत्राला सांगायचे. अडचणीही त्याच. पीठ सैल झाले तर चकलीचे काटे उमटत नाहीत, घट्ट झाले तर ती तुटते. माती सैल असेल तर पाच-दहा वेढ्यांनंतर भांडे बसते, घट्ट असेल तर नळीतून उतरत नाही. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे फट्‌ होऊन भोक पडते.

बेल्जियममधल्या अँटवर्प शहरातल्या ‘अनफोल्ड’ या कार्यशाळेने २०१० साली याचे एक प्रदर्शन मांडले. एका बाजूला पडद्यावर चाक फिरत असे, पण मातीशिवाय. पाहुण्याने हवेत हात हलवला की पडद्यावरचा मातीचा गोळा आकार बदले. तो आकार शेजारचे यंत्र खऱ्या मातीत उतरवी. नेदरलँड्सच्या ओलिव्हिए व्हॅन हर्प्ट याने कमी पाण्याची, घट्ट माती ढकलू शकणारे मोठे यंत्र स्वतः बांधले. पुढे रिकी व्हॅन ब्रूकहोव्हन या ध्वनिरचनाकाराबरोबर त्याने भांडे घडत असताना खाली ध्वनिवर्धक ठेवला. आवाजाच्या कंपनांनी मातीची वात थरथरली आणि भांड्याच्या अंगावर त्या थरथरीची नक्षी उमटली. अमेरिकेत रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सॅन फ्राटेलो यांनी यंत्राला मुद्दाम जागा सोडून बाहेर माती ओतायला लावली. ती माती लोंबली, तिचे फास झाले, आणि विणलेल्या स्वेटरसारखी वीण भांड्यावर आली. इटलीतल्या एका संस्थेने तर आपले नाव इंग्रजीतल्या गांधीलमाशीवरून ठेवले आहे. आपल्या खिडकीच्या चौकटीत चिखलाचे चिमुकले घर बांधणारी कुंभारीण सर्वांनी पाहिली असेल. थोडा थोडा चिखल आणून थरावर थर चढवणारी तीच या यंत्राची आद्यगुरू. या संस्थेने २०२१ साली रॅव्हेनाजवळ मातीचे एक अख्खे घर असे थराथराने उभे केले.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘अनफोल्ड’चाच २०१२ सालचा इस्तंबूलमधला प्रयोग. त्यांनी भांड्यांच्या त्याच त्या आराखड्यांच्या संगणकीय प्रती निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रवाल्यांना दिल्या. अट एकच: आराखड्यात बदल करायचा नाही. बाकी माती कोणती घ्यायची आणि यंत्र कसे चालवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. यंत्राविषयीच्या आपल्या समजुतीप्रमाणे सगळी भांडी हुबेहूब निघायला हवी होती. ती तशी निघाली नाहीत. माती बदलली, माणूस बदलला, भांडे बदलले. एकाच आईच्या हाताखाली तयार झालेल्या चार लेकींची आमटी चार चवींची होते, तसेच.

हाताचा शत्रू कोण?

‘यंत्राच्या भांड्यात जीव नसतो’ हा आक्षेप इथे हमखास येतो. मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण असे म्हणणाऱ्याने आपण सकाळी ज्या कपातून चहा प्यालो तो कप एकदा निरखून पाहावा. तो कुंभाराच्या चाकावर जन्मलेला नाही. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून किंवा मातीवर साचा दाबून असे कप पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. आमच्या टेबलावरून कुंभाराचा हात उठला तो या साच्यामुळे, यंत्रमानव जन्माला येण्याच्या कितीतरी आधी.

साच्याचे अर्थशास्त्र साधे आहे. साचा करायला खर्च येतो. तो भरून काढायचा तर एकसारखे हजारो नग काढावे लागतात. म्हणून साचा नावीन्याला भितो. सोऱ्यासारख्या या यंत्राला साचा लागत नाही. पहिले भांडे आणि दुसरे भांडे वेगळे केले तरी खर्च तोच. उलट वेगाच्या बाबतीत ते साच्यापुढे गोगलगाय आहे; मोठे भांडे घडायला तासन्‌तास लागतात. तेव्हा हे यंत्र उद्या बाजारात कपबशांचे डोंगर ओतील, ही भीती अनाठायी आहे. त्याची स्पर्धा लागली तर ती साच्याशी लागेल, आणि तीही थोड्या, निराळ्या, एकेकट्या वस्तूंच्या बाबतीत.

आता दुसरी बाजू पाहा. २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनात आय वेवे या चिनी कलावंताने सूर्यफुलाच्या बिया जमिनीवर पसरल्या. बिया पोर्सेलीनच्या होत्या. किती, तर दहा कोटी. जिंगदेझेनच्या सुमारे १६०० कारागिरांनी त्या घडवल्या आणि हाताने रंगवल्या. प्रत्येक बी निराळी. लोकांनी त्यांवरून चालावे अशी कल्पना होती, पण मातीची धूळ उडू लागली. ती श्वासातून जाणे घातक, म्हणून थोड्याच दिवसांत चालणे बंद करावे लागले. ते काम थोर आहे आणि त्या गावाला त्याने रोजगारही दिला. तरीही एकाच आकाराच्या बिया दिवसेंदिवस रंगवणारा माणूस आणि मातीशी झटापट करत नवा आकार शोधणारे यंत्र शेजारी शेजारी ठेवले, तर हात कुठे आणि यंत्र कुठे, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. हाताने केले एवढ्यावर कामाला जीव येत नाही. करणाऱ्याला चुकायची, बदलायची मुभा आहे का, यावर ते अवलंबून असते.

गाळाची फुलदाणी

द्रव्यांचेही तसेच. केवळ चमत्कृती म्हणून काहीबाही भाजणारे पुष्कळ आहेत; त्यांची फॅशन येईल आणि जाईल. पण एखादा प्रयोग आपल्या घरात येऊन प्रश्न विचारतो. २०१५ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘ऐषआराम म्हणजे काय’ अशा विषयाचे प्रदर्शन होते. त्यात लियम यंग आणि केट डेव्हिस यांच्या गटाने काळपट रंगाच्या तीन फुलदाण्या ठेवल्या. घाट जुन्या मिंग राजवटीतल्या भांड्यांचा. माती मात्र चीनच्या इनर मंगोलियातल्या बाओतौ शहराजवळच्या तळ्यातली. दुर्मीळ मूलद्रव्ये शुद्ध करताना उरणारा विषारी, किरणोत्सारी अंश असलेला गाळ या तळ्यात सोडला जातो. तीन फुलदाण्यांचे तीन आकार त्यांनी हिशेबाने ठरवले होते. एक स्मार्टफोन, एक लॅपटॉप आणि विजेच्या मोटारीच्या बॅटरीचा एक घट, यांतली प्रत्येक वस्तू तयार होताना जितका गाळ निर्माण होतो, तितक्याच गाळाची एकेक फुलदाणी.

आपण दुकानातून फोन आणतो तेव्हा खोक्यात फोन, तार आणि माहितीपत्रक असते. ही फुलदाणी त्या खोक्यात नसते. ती कुणाच्या तरी गावाजवळच्या तळ्यात राहते. मातीच्या कलेने खर्चाचा हा लपलेला रकाना डोळ्यांपुढे आणला, तोही एकेकाळी ज्या घाटाच्या भांड्यांसाठी राजे हपापलेले असत, त्याच घाटात. शंभर भाषणांनी जे साधले नसते ते या तीन भांड्यांनी साधले. अनोख्या द्रव्याचा उपयोग व्हावा तर असा.

तरतूद कुणासाठी?

आता मुद्द्यावर येतो. हे सगळे युरोप-अमेरिकेतले झाले. तिथे हे प्रयोग कोण करते? कलाशाळेत शिकलेले, शिष्यवृत्ती मिळवणारे, संग्रहालयांचा आधार असलेले लोक. त्यांच्या टोपलीतल्या फुटीचा खर्च समाज कुठल्या ना कुठल्या वाटेने उचलतो. त्यांच्यातही जोनाथन कीप यांच्यासारखी माणसे आहेत. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि आता इंग्लंडमध्ये राहणारे हे गृहस्थ आधी वर्षानुवर्षे साधे कुंभार होते. मातीचे यंत्र त्यांनी स्वतः जुळवले आणि त्याची बांधणी कशी करायची याचे आराखडे कुणालाही वापरता येतील असे खुले करून टाकले. ब्योटगरला गढीत कोंडणाऱ्या राजापासून इथवरचा हा पल्ला यंत्राच्या पल्ल्याहून मोठा आहे.

आमच्या कुंभाराचे काय? १९८०च्या दशकात मी ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली कारागिरांना कर्जे दिली जात. कुंभाराच्या अर्जात चाकाची किंमत असे, मातीची वाहतूक असे, जळण असे, अपेक्षित उत्पन्न असे. आव्यात किती मडकी फुटतील याला रकाना नव्हता. विचारले तर उत्तर मिळे, की ते आवा उघडल्याशिवाय कसे सांगणार. अगदी खरे उत्तर. पण छापील अर्जात न मावणारे. पुढे १९९२पासून आम्हा बँकवाल्यांना बुडीत आणि संशयित कर्जांपोटी नफ्यातून तरतूद करण्याचे कडक नियम आले, आणि ते योग्यच होते. धंदा म्हटला की काही बुडणारच, हे शहाणपण त्यामागे आहे. फक्त ते शहाणपण कर्ज देणाऱ्यापुरते राहिले. बँकेच्या फुटीला तरतूद आणि कुंभाराच्या फुटीला नशीब, अशी ही वाटणी.

आजही चित्र फार बदललेले नाही. विजेवर फिरणारी चाके वाटली जातात, चांगली गोष्ट आहे. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत कर्ज, अशी सोय त्यात आहे. पण जे येते तेच अधिक वेगाने करण्यासाठी हा पैसा पुरतो. नवे करून पाहून फसण्यासाठी त्यात काही नाही. ज्याच्या घरची पुढच्या महिन्याची ज्वारी आव्यातून निघणार, त्याला आपण ‘प्रयोग कर’ असे कोणत्या तोंडाने सांगणार? मग आपणच म्हणतो, आमचा कुंभार पणत्या आणि माठ यांच्या पुढे जात नाही. त्याच्या बुद्धीला कुणी कमी म्हणू नये. त्याच्यापाशी फोडायला पैसे नाहीत.

यावर उपाय अशक्यातला नाही. जिथे कुंभारांची वस्ती मोठी आहे, मग ती धारावीचा कुंभारवाडा असो की एखादे तालुक्याचे गाव, तिथे एक सामायिक प्रयोगशाळा असावी. त्यात मातीचे एक साधे यंत्र, चाचणीसाठी छोटी भट्टी आणि माती तपासून देणारा एक जाणकार. यंत्राचे आराखडे खुले आहेत. आपल्या देशात काच आणि चिनी मातीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था कोलकात्याला १९५०पासून आहे. तिचे एक केंद्र खुर्जासारख्या कुंभारकामाच्या गावातच आहे. ज्ञान आहे, ते वस्तीपर्यंत पोचवायचे आहे. कच्चे भांडे फसले तर पाण्यात टाकून पुन्हा माती करता येते, तो खर्च जवळजवळ शून्य. खरा खर्च भट्टीतल्या फुटीचा, आणि तो त्या प्रयोगशाळेच्या खात्यावर पडावा.

त्या प्रयोगशाळेत यंत्राच्याही आधी एक वही हवी. इंग्लंडच्या जोसाया वेजवुडने अठराव्या शतकात हजारो चाचण्या करून आपली प्रसिद्ध निळी जॅस्पर भांडी सिद्ध केली. तो प्रत्येक चाचणी-तुकड्याला क्रमांक देई आणि त्याची कृती वहीत नोंदवी. फसलेल्या तुकड्यालाही क्रमांक असे. त्याने ती कृती इतरांपासून लपवली. आपण ती सर्वांसाठी उघडी ठेवावी. एका गावच्या कुंभाराची फूट वहीत नोंदली गेली, तर दुसऱ्या गावच्या कुंभाराची तेवढी तरी वाचेल. आयुष्यभर खतावण्या चाळलेल्या माणसाला यापेक्षा फायद्याचा व्यवहार सुचत नाही.

‘या चैनीसाठी सरकारने पैसा का घालावा?’ असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शाळा आणि दवाखाने आधी, हे मलाही मान्य. पण मोठ्या उद्योगांची थकीत कर्जे निर्लेखित होतात तेव्हा त्यातले आकडे वाचून आपल्याला चक्कर येते. त्या मानाने एका वस्तीतल्या एका भट्टीची वर्षाची फूट कितीशी असणार? आणि ही नुसती मडक्यांची गोष्ट नाही. विणकर, तांबट, बुरूड, कुणाचेही नाव घ्या. ज्याला फसण्याची ऐपत नाही तो जुन्यालाच धरून बसतो, आणि मग जुने बाजारातून उठले की तोही उठतो.

संत गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून त्यांनी कुणाचे मडके पक्के आणि कुणाचे कच्चे ते सांगितले. नामदेवांचे कच्चे निघाले. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना आम्हाला नामदेवांची कीव येई. आता वाटते, कच्चे ठरले म्हणूनच ते गुरूच्या शोधात निघू शकले. कच्च्या मातीला अजून आकार बदलता येतो. पक्के झाले की एक तर टिकायचे किंवा फुटायचे. आपल्या कारागिरांना आपण फार लवकर पक्के करून टाकले आहे. पुढच्या वेळी रस्त्याकडेला माठ घेताना त्यावर टिचकी मारून आवाज जरूर ऐका. जमले तर विकणाऱ्याला एवढेही विचारा, की या खेपेला आव्यात किती गेले. तो आकडा आजवर त्याला कुणी विचारलेला नसेल.